कोरडी ओंजळ

दगड एकोणीस होते. मी दोनदा मोजले. मास्तरांनी ते अंगणात ताडपत्रीवर ओळीनं मांडले होते, लहान अलीकडे, मोठे पलीकडे, आणि प्रत्येकाखाली एक चिठ्ठी दाबलेली होती: कुठं पडला, किती वाजता. अक्षर फळ्यावर लिहावं तसं टपोरं.

"मोजून घ्या, ताई," ते म्हणाले. "उद्या कोणी म्हणायला नको की आम्ही फुगवून सांगितलं."

१९९६ चा मार्च होता. मी बुलढाण्याच्या एका जिल्हा दैनिकात बातमीदार होते, कार्यालयातली एकुलती बाई. सावरखेडीला मला पाठवलं ते एवढ्याचसाठी, की ओंजळ परिवारातल्या बायका परक्या पुरुषाशी बोलत नाहीत.

परिवाराची वस्ती गावाबाहेर गायरानाच्या कडेला होती. अठ्ठावीस घरं, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, एक फाटक. पुंडलिक ढोरे हे पूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. नऊ वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्यांनी हा परिवार काढला. मूर्ती नाही, नवस नाही, कोंबडं-बकरं नाही, दारू नाही. यात आक्षेप घेण्यासारखं मला काही दिसलं नव्हतं. आजही दिसत नाही. ही माणसं गावदेवीच्या जत्रेला येईनाशी झाली तेव्हा गाव बिथरलं. पिठाच्या गिरणीवर त्यांचं दळण घेणं बंद झालं. शाळेत पोरांना चिडवायला लागले, तशी मास्तरांनी पोरं शाळेतून काढली. आणि आता दोन दिवसांपूर्वी वस्तीवर दगड आले होते. एका म्हाताऱ्याच्या खांद्याला लागला होता. मी खांदा पाहिला. सूज खरी होती.

दगड उचलून पाहिले. चौदा दगडांच्या एका बाजूला पांढरट थर होता, चुन्यासारखा. तसं वहीत लिहिलं. त्याचा काय उपयोग, हे मला सुचलं नव्हतं. दिसेल ते लिहायचं, एवढीच सवय.

मग गावात जाऊन सरपंच उत्तमराव धंदर यांना भेटले. दळण बंद केल्याचं त्यांनी जराही न लाजता सांगितलं. गिरणी त्यांच्या भावाचीच होती. दगडांचं मात्र ते नाव काढू देईनात.

"आमी कायले मारू जी दगड? गावातल्या निम्म्यायच्या लेकी-बहिनी हायेत त्या काट्याच्या आत. माही सोताची मावसबहीन हाय. मले पाह्यलं का पदर घेते तोंडावर, जसा का मी लांडगाच."

बातमी पहिल्या पानावर तीन कॉलम लागली. ओंजळ परिवारावर दगडफेक; ग्रामस्थांचा इन्कार. आमचे संपादक गावंडे सर बातमीतला एकही शब्द कापत नसत तेव्हा ती शाबासकी समजायची. या बातमीतला त्यांनी एकही कापला नाही. दोन दिवसांत फाटकावर दोन पोलीस बसले आणि मास्तरांचं आभाराचं पत्र आलं, त्याच टपोऱ्या अक्षरात.

आठवड्यानं बायकांच्या मुलाखती घ्यायला मी पुन्हा गेले. सगळ्या वस्तीचा स्वयंपाक एकाच कोठीत व्हायचा. गिरणी बंद, म्हणून सहा बायका जात्यांवर बसलेल्या. मास्तरांची बहीण गोदावरीबाई माझ्या शेजारी पाट घेऊन बसली आणि मी जिला प्रश्न विचारे तिच्याकडं पाहत राहिली. सगळ्यांनी मला एकच उत्तर दिलं, शब्दही तेच: बाहेर भीती आहे, आत मास्तर आहेत. तिसरीनंतर मी लिहायचं थांबवलं.

थोड्या वेळानं गोदावरीबाईला कोणीतरी हाक मारली. ती उठून गेली, तशी चुलीपाशी राख भरणारी बाई मान न वळवता बोलली.

"मॅडम, सरकारी दवाखाना ठाऊक हाय तुमाले?"

तिचं नाव शेवंता खंडारे. वय तिशीचं. कोठीतली चूल आणि राख तिच्याकडं असे. तिच्या मागं पोत्यावर तिची मुलगी बसली होती, पमी. आठ वर्षांची, पण सहाचीच वाटावी अशी. पमीनं मला नीट न्याहाळून घेतलं.

"तुमी गाववाल्या हाये का?"

"नाही. बुलढाण्याची."

"मंग तुमी मारत नाई?"

"नाही मारत."

तिला ते पटलेलं दिसलं नाही. शेवंतानं भाकरीच्या टोपलीतल्या फडक्याखालून घडी पडलेला कागद काढून माझ्या हातात दिला. दवाखान्याचा केसपेपर होता. पमीला दोन वर्षांपूर्वी सांध्यांचा ताप आला होता आणि त्यानं काळजाची झडप धरली होती. दर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, एकही चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून खाली रेघ ओढलेली. तारखांचा रकाना अकरा नोव्हेंबरला थांबला होता.

मास्तर बाहेरचं औषध आत येऊ देत नव्हते. ते कोणाच्या हातून येतं याचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. गाव इतकं उलटलेलं असताना ते बऱ्याच जणांना पटतही होतं.

"चार मयने झाले," शेवंता म्हणाली. "चालते का जी येवढं?"

डॉक्टरांना विचारून सांगते, असं मी म्हणाले. ती शुक्रवारी आमसरीच्या बाजाराला मीठ-मिरचीसाठी येत असे, दुसऱ्या एका बाईबरोबर. कुंभाराच्या दुकानापाशी भेटायचं ठरलं. तेवढ्यात गोदावरीबाई परत आली आणि शेवंता पुन्हा राखेकडं वळली.

त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी त्यांचा विधी पाहिला. त्याला ते 'रिकामं होणं' म्हणत. सगळी वस्ती मांडवात जमे. एकेक जण पुढं येऊन ओंजळ धरून उभा राही आणि दिवसभरात मनात आलेलं परिवाराविरुद्धचं काही असेल ते सगळ्यांसमोर बोले. एकानं सांगितलं, मला भाकरी कमी वाढली असं वाटलं. एकीनं सांगितलं, मला माहेरची आठवण आली. बोलून झालं की मास्तर तांब्यातून त्याच्या ओंजळीत पाणी ओतत आणि तो ते पिई. मी पाहत होते तेव्हा दोन-तीन जणं पिताना रडली, आणि ते रडणं सुखाचं होतं. ज्यानं काही लपवलं आहे असं मास्तरांना वाटे, त्याच्या ओंजळीत पाणी पडत नसे. त्याला 'कोरडा' म्हणत. कोरड्याशी कोणी बोलायचं नाही, त्याच्याकडं पाहायचंही नाही, तो बोलेपर्यंत. हे मला मास्तरांनीच समजावून सांगितलं. लपवण्यासारखं त्यात त्यांना काही वाटत नव्हतं. मांडवाच्या खांबावर माझ्या बातमीचं कात्रण पुठ्ठ्यावर चिकटवून लावलेलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "मला काय विचारता? आज आणा तिला," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी शेवंताला कुंभाराच्या दुकानामागं मी ते सांगितलं. तिच्याबरोबरची म्हातारी मिठाच्या दुकानापाशी भाव करत उभी होती. शेवंता हातात एक मडकं घेऊन ते वाजवून पाहत बोलत होती, लांबून पाहणाऱ्याला ती खरेदीच करते आहे असं वाटावं म्हणून.

आधी फाटक उघडं असायचं, तिनं सांगितलं. नवरा सुखदेव कुरकुरत का होईना, पोरीला घेऊन जायचा. मग मास्तरांनी औषध बंद केलं. सुखदेवनं ते ऐकलं, तरी बाकीचे लोक गुपचूप जातच. दगड आल्यापासून मात्र सगळंच बंद.

"तुमी थे छापलं आन् फाटक लागलं. आता कोनी बाहेर जातो म्हनलं का मास्तर तुमचा पेपर वाचून दाखोतात. पाहा म्हनतात, हे मी नाई सांगत, पेपरात हाय."

मी विचारलं, दगड कोणी मारले.

तिनं मडकं खाली ठेवलं आणि दुसरं उचललं. दगडांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं राख भरायचं घमेलं घेतलं तर त्याला चुना आणि खडी लागलेली. रात्री घासून उपडं ठेवलेलं घमेलं. कोठीमागं एक पडकी विहीर होती, तिच्या कठड्याचा चुना तसाच सुटायचा. तिनं सुखदेवला धरलं. दोन दिवस तो बोलला नाही, तिसऱ्या दिवशी बोलला. मास्तरांनी चौघांना सांगितलं होतं. त्यात तोही होता. म्हाताऱ्याला लागेल असं कोणाच्या मनात नव्हतं. मास्तर म्हणाले होते, गाव आज ना उद्या हे करणारच आहे, लोकांना ते आधी दिसायला हवं.

चुन्याचं मला माझ्या वहीतून माहीत होतं. त्यामुळं ती खरं बोलते आहे हे मला लगेच कळलं.

पुढच्या शुक्रवारी ती पमीला बाजारात आणणार होती, बांगड्या भरायच्या म्हणून. म्हातारीला फारसं ऐकू येत नसे. अकराच्या एसटीनं ती, पमी आणि मी, तिघींनी बुलढाण्याला जायचं, थेट दवाखान्यात. सुखदेवला ती नंतर निरोप धाडणार होती. आला तर आला.

"तुमी याल ना? मी एकटी दवाखान्यात गेली तं मले कोनी उभं नाई करत."

"येईन. दहापासून स्टँडवर असेन."

"आन् थे दगडायचं लिवा. लिवलं तं फाटक उघडन बाकीच्यायसाठी. पन माहं नाव नका घेऊ. मी तठी हाय तवर तं नकाच."

नाव घेणार नाही, असं मी तिला वचन दिलं आणि ते पाळलं. तिचं नाव मी कोणालाही सांगितलं नाही, गावंडे सरांनाही नाही.

मंगळवारी बातमी लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली. रविवारच्या पानासाठी होती. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि चष्मा काढला. मला ते आडनावानंच हाक मारत.

"तायडे, मास्तरांचं म्हणणं कुठंय?"

मी म्हणाले, शुक्रवारनंतर घेते.

"पान गुरुवारी संध्याकाळी लागतं. एका माणसानं आपल्याच लोकांवर दगड मारवले, असं आपण छापणार आणि त्याला विचारणार नाही? मग ही बातमी नाही, पारावरच्या गप्पा आहेत. त्या पारावरच होऊ द्या."

त्यांचं बरोबर होतं. माझ्या हाताखाली कोणी असतं तर मीही त्याला हेच ऐकवलं असतं. मी हिशेब केला: मास्तरांना बुधवारी भेटायचं, नाव सांगायचं नाही. बातमी रविवारी येईल. शुक्रवारी दुपारपर्यंत शेवंता आणि पमी दवाखान्यात असतील.

बुधवारी अकरा वाजता मास्तरांनी मला मांडवात बसवून ताक दिलं. खुर्ची एकच होती, ती मला दिली आणि ते खाली सतरंजीवर बसले. मी वही उघडली. आरोप विचारताना मी तो नेहमी लिहूनच नेत असे, म्हणजे आवाज चढत नाही आणि शब्द इकडचा तिकडं होत नाही.

"आरोप असा आहे," मी वाचलं, "की दगड बाहेरून आले नाहीत. ते कोठीमागच्या पडक्या विहिरीच्या कठड्याचे आहेत, म्हणून त्यांना चुना लागलेला आहे. ते राखेच्या घमेल्यातून कुंपणापर्यंत नेले आणि आतूनच फेकले. यावर तुमचं म्हणणं काय आहे?"

मास्तर सतरंजीवरचा एक दोरा बोटानं सरळ करत राहिले.

"राखेच्या घमेल्यातून," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही फार बारकाईनं काम करता, ताई. मी शाळेवर होतो तेव्हा अशी मुलं मला फार आवडायची."

मग त्यांनी त्यांचं म्हणणं सावकाश लिहून दिलं. आरोप निराधार आहे. परिवारात फूट पाडण्याचा हा गावाचा नवा प्रयत्न आहे. आम्ही आरोप करणाऱ्यालाही क्षमा करतो. मी ते वाचून दाखवलं. 'क्षमा करतो' ऐवजी त्यांनी 'क्षमा केली आहे' असं करायला लावलं. फाटकापर्यंत पोचवायला आले. मी एसटीत बसले तेव्हा मला बरं वाटत होतं. बातमी पुरी झाली होती.

शुक्रवारी मी दहाला आमसरीच्या स्टँडवर होते. अकराची गाडी गेली. साडेबाराची गेली. एक वाजता बाजारात परिवाराच्या दोन बायका दिसल्या. म्हातारी तीच, दुसरी मी कधी पाहिलेली नव्हती. मी शेवंताचं विचारलं. म्हातारीनं माझ्याकडं पाहिलंच नाही. मी उभी होते तिथं काही नाहीच, अशी ती मिरच्या निवडत राहिली. दोनच्या गाडीनं मी परत आले.

शनिवारी सकाळी कार्यालयात मास्तरांचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. आरोप करणाऱ्या बाईला स्वतःहून खुलासा करायचा आहे, आज पाच वाजता यावं.

मांडव भरला होता. शेवंता एका खांबाशी उभी होती आणि तिच्याभोवती चार-चार हात जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेच्या दुसऱ्या टोकाला पमी बसली होती. तिच्याजवळही कोणी नव्हतं. आई कोरडी तर लेकरूही कोरडं, हा नियम मला मास्तरांनी सांगितला नव्हता. मीही विचारलं नव्हतं. बुधवार संध्याकाळपासून हे चाललं होतं.

शेवंता पुढं आली. तिनं ओंजळ धरली.

"मी खोटं बोलली," ती म्हणाली. आवाज बसलेला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "गावच्या लोकायनं मले शिकोलं. या बाईनं मले फूस लावली. दगड गावानंच मारले. पमीले काई झालं नाई."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. त्यांच्यात राग नव्हता, कीव होती. मास्तरांनी तांब्या उचलून तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. ती प्यायली नाही. ओंजळ तशीच धरून ती मांडवाच्या त्या टोकाला चालत गेली आणि वाकून पमीच्या तोंडाशी धरली. अर्धंअधिक पाणी वाटेतच सांडलं होतं. उरलेलं पमी प्यायली. लोक उठले, दोघींना मिठ्या मारू लागले, एका बाईनं पमीला कडेवर घेतलं. मी त्या गर्दीत शिरून शेवंताशी दोन शब्द बोलायचा प्रयत्न केला, पण तोवर गोदावरीबाई आमच्या मध्ये होती.

बातमी छापली नाही. सांगणारीनंच नाकारलं तर छापायचं काय. पमीबद्दल मी फाटकावरच्या हवालदाराशी बोलले, डॉक्टरांची चिठ्ठी आणून दाखवली. त्यानं सुखदेवला बोलावलं. पोरगी बरी आहे, आमची काही तक्रार नाही, असं सुखदेवनं लिहून दिलं. अंगठा नाही, सही केली त्यानं. बापानं असं लिहून दिल्यावर हवालदाराला पुढं काही करता येईना.

पमी तेवीस एप्रिलला दुपारी गेली.

परिवाराचं निवेदन दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मुलीला अचानक धाप लागली. तिला दवाखान्यात नेण्यासाठी परिवारानं छकडा जुंपला. ग्रामस्थांनी फाट्यावर गाड्या आडव्या घालून रस्ता अडवला, त्यामुळं मुलीला प्राण गमवावे लागले. गावंडे सरांनी ते माझ्याकडं सरकवलं. नको असेल तर दुसऱ्याला पाठवतो, म्हणाले. मी म्हणाले, जाते.

कार्यालयाची जीप घेऊन गेले. फाट्यावर मोरीचं काम चाललं होतं आणि दहा-बारा मजूर होते. मुकादम म्हणाला, तेवीसला सकाळी सहापासून अंधार पडेपर्यंत आम्ही इथंच होतो. वस्तीकडून छकडा काय, सायकलसुद्धा आली नाही. गाड्या आडव्या कोणी घातल्या नाहीत. त्याचं नाव, गाव लिहून घेतलं. तीन मजुरांना वेगवेगळं गाठून विचारलं; तिघांनी तेच सांगितलं. गावात सरपंच ओट्यावर बसले होते. काय म्हणणं आहे, मी विचारलं. ते म्हणाले, "शेवंतीच माही मावसबहीन हाय, मॅडम. पोरीले मी जन्मली तवा पाह्यलं, मंग नाईच पाह्यलं." हे छापू नका, असंही म्हणाले. रस्ता अडवला नाही, एवढंच छापा.

मास्तरांनी मला फाटकातून आत घेतलं. शेवंताशी एकटीशी बोलायचं आहे, असं मी म्हणाले तेव्हा त्यांनी लगेच मान डोलावली. "बोला, ताई. मी मध्ये येणार नाही." गोदावरीबाईलाही त्यांनी तिथून आपल्याकडं बोलावून घेतलं.

शेवंता कोठीच्या दारात बसून ज्वारी पाखडत होती. मी समोर बसले. तिनं सूप थांबवलं नाही.

"रस्ता कोणी अडवला नव्हता," मी म्हणाले. "मी फाट्यावर विचारून आले."

"मले माहीत हाय."

"मी घमेल्याचं बोलले. त्यावरून मास्तरांना कळलं ना?"

"हाव. घमेलं माह्याच हातातलं व्हतं. दुसऱ्या कोनाच्या हातात जातच नाई थे." तिनं सुपातला एक खडा बाजूला टाकला. "तुमी नाव नाई घेतलं. मास्तरायनं मले सांगतलं, बाईनं तुहं नाव नाई घेतलं म्हून."

ती बोलत राहिली, सुपाच्या आवाजाच्या वर जेमतेम.

"मी राह्यली असती कोरडी. मयनाभर राह्यली असती. शुक्रवार हुकला तं पुढचा पाह्यला असता. पन तिच्याशी कोनी बोलेना जी. थे पोराईत खेळाले गेली तं पोरं तिच्यातून पलीकडं पाह्यत. मीबी नाई बोलू शकत तिच्याशी, दोघी कोरड्या तं एकमेकीशीबी नाई बोलाचं. तिसऱ्या दिवशी थे माह्या पुढ्यात येऊन उभी राह्यली. माय, म्हने, मी मेली का?" सूप थांबलं. "मंग मी बोलून टाकलं."

मी म्हणाले, माझ्याबरोबर चला. जीप बाहेर आहे, फाटकावर पोलीस आहेत, कोणी हात लावणार नाही. मावसभाऊ आहे गावात, तो घरात घेईल. नाही घेतलं तर माझ्याकडं राहा. हे सगळं मी भरभर बोलले. तिनं ते पुरतं ऐकून घेतलं.

"बाहेर आली तं पमी माह्यामुळं गेली," ती म्हणाली. "मी निंघाली नाई म्हून गेली. चार मयने मी अठी भाकरी थापत राह्यली म्हून गेली. अठी हाय तवर थे गाववाल्यायमुळं गेली."

"माझ्यामुळं गेली," मी म्हणाले.

"तुमाले घमेल्याचं कोनं सांगतलं व्हतं? मीच ना." तिनं पदरानं हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "सुखदेवबी रोज म्हनते, गावानं रस्ता अडोला. आता त्याले खरंच वाटते. झोपते तो. तसंच लिवा, मॅडम. रस्ता अडोला म्हून."

मी उठले तेव्हा ती पुन्हा पाखडायला लागली होती.

परिवार त्यानंतर अकरा वर्षं होता. मास्तर गेले तेव्हा मोडला. शेवंता शेवटपर्यंत तिथं होती, असं मला सरपंचांनी सांगितलं. मी तिला पुन्हा भेटले नाही.

शेवंताला भेटून आले त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी बातमी दिली. फाट्यावर रस्ता अडवल्यानं मुलीला वेळेवर दवाखान्यात नेता आलं नाही, असा आरोप मुलीच्या आईनं केला आहे. ग्रामस्थांनी त्याचा इन्कार केला आहे. गावंडे सरांनी ती दोनदा वाचली. फाट्यावर मोरीचं काम चालू आहे ना, त्यांनी विचारलं; तिथल्या मजुरांना विचारलं नाही का, निदान मुकादमाला?

माझी वही माझ्या हातात होती. त्यात मुकादमाचं नाव, गाव आणि वेळ होती.

मी म्हणाले, तिथं कोणी भेटलं नाही.